चिठ्ठीवर दोन औषधं होती

डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन औषधं लिहून दिली होती, मेडिकलमध्ये त्यांतलं एकच मिळालं. "दुसरी कॅप्सूल संपलीये ताई, आली की सांगतो. ती झोप लागायची असते. तोवर ही गोळी चालू करा." काउंटरवरच्या मुलाने हे इतक्या सहज सांगितलं, की त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणालाही वाटलं नसतं. दुसरी कॅप्सूल पुढे काही आली नाही, आणि ती का हवी होती हे मला रक्तस्राव सुरू झाल्यावर कळलं. म्हणून पाळी जायच्या वयात हार्मोनचं औषध सुरू करणाऱ्या प्रत्येकीला मी आधी एकच विचारते: तुमची गर्भपिशवी आहे की काढलेली आहे? आहे, तर दोन्ही औषधं लागतात. काढलेली असेल, तर बहुधा एक पुरतं. बाकीचं सगळं यानंतर.

मी बदलापूरला कात्रपला राहते आणि उल्हासनगरात एका शाळेच्या कार्यालयात काम करते. सेहेचाळिशीत पाळी वेडीवाकडी यायला लागली. कधी वीस दिवसांत, कधी अडीच महिन्यांनी, आणि आली की अंगावरून इतकं जायचं की अंबरनाथ येईपर्यंत बसायलाही भीती वाटे. डिसेंबरातल्या सकाळच्या लोकलमध्ये शेजारच्या बायका शाली गुंडाळून बसलेल्या आणि माझ्या छातीतून गरम भपकारा उठून मानेपर्यंत चढायचा. पदराने वारा घेतला की समोरची हसायची. रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची, आणि मग सकाळपर्यंत छताकडे बघत पडायचं. बोटांचे सांधे दुखायचे. रजिस्टर उघडून आपण काय शोधत होतो तेच आठवायचं नाही. घरात मी कुणाशी सरळ बोलत नव्हते, हे मुलाने तोंडावर सांगितलं.

आधी ईसीजी झाला, थायरॉइड झाला, साखर झाली, हिमोग्लोबिन झालं. हिमोग्लोबिन कमी निघालं, बाकी सगळं ठीक. या तपासण्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. धडधड आणि थकवा यामागे थायरॉइड किंवा रक्तक्षय असू शकतो, आणि तो आधी बघितलाच पाहिजे. मात्र पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला रजोनिवृत्ती जवळ आली आहे का हे ठरवायला एफएसएचसारख्या हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची सहसा गरज नसते. या काळात ते आकडे आज एक आणि पुढच्या आठवड्यात भलतेच येतात. लक्षणं आणि पाळीच्या तारखा यांवरूनच निदान होतं. कॅलेंडरवर पेनाने केलेल्या खुणा डॉक्टरांच्या जास्त कामाच्या.

"अजून वय कुठे झालंय तुमचं" हेही मी ऐकलं. युरोप-अमेरिकेत पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी थांबते. आपल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपासच. म्हणजे त्याआधीची काही वर्षांची ओढाताण चाळिशीच्या सुरुवातीलाही लागू शकते.

एका डॉक्टरांनी सांगितलं, सहन करा, सगळ्याच करतात. दुसऱ्यांनी आणखी सोपा मार्ग काढला: दोन मुलं झालीत, पिशवी काढून टाका, कटकट जाईल. हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या हे 2019 मध्ये उघड झालं, त्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांना लागू करायला सांगितल्या. पिशवीबरोबर दोन्ही ओव्हरी काढल्या तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, ऑपरेशनच्या टेबलावरच येते. पंचेचाळिशीच्या आत असं झालेल्या बाईने, औषध न घेण्याचं काही ठोस कारण नसेल तर, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन घ्यावेत असा वैद्यकीय सल्ला आहे. हाडांसाठी आणि हृदयासाठी. किती जणींना ऑपरेशननंतर हे कुणी सांगतं?

माझ्या अंबरनाथच्या वन्संचं असंच ऑपरेशन झालं होतं. गाठींमुळे पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढलेल्या, आणि त्या इस्ट्रोजेनची एकच गोळी घेत होत्या. छान होत्या. त्यामुळे पुढे एका डॉक्टरांनी मला दोन औषधं लिहून दिली आणि मेडिकलमध्ये एकच गोळी मिळाली, तेव्हा घरात कुणालाच शंका आली नाही. वन्संनाही एकच आहे की!

आता यातली गोम. भपकारे, रात्रीचा घाम, उडालेली झोप, योनीचा कोरडेपणा यांवर काम करतं ते इस्ट्रोजेन. पण तेच इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या आतलं अस्तरही वाढवत राहतं. दुसरं औषध, प्रोजेस्टेरॉन, त्या वाढीला लगाम घालतं. वन्संना अस्तरच नाही, म्हणून लगामाचीही गरज नाही. मला होती. 1990च्या दशकात अमेरिकेत पेपी नावाचा एक अभ्यास झाला. त्यात गर्भाशय असलेल्या ज्या बायकांना तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यातल्या दहापैकी सहाजणींचं अस्तर कमी-जास्त प्रमाणात विकृत वाढलं. त्यातली काही वाढ पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारी होती. प्रोजेस्टेरॉन सोबत घेणाऱ्यांना हा त्रास जवळपास झाला नाही. काउंटरवरच्या मुलाचं एक मात्र खरं होतं: प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून ती रात्री घ्यायची. पण झोप हा तिचा जोडधंदा, मुख्य काम अस्तराचं.

इस्ट्रोजेनच्या गोळीने मला फरक पडला, तो मी नाकारणार नाही. काही आठवड्यांत भपकारे कमी झाले, रात्र सलग मिळायला लागली. त्यामुळेच काही बिघडतंय असं वाटायला जागा नव्हती. मग मधूनच डाग, मग गाठींसकट रक्तस्राव. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, पिशवीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी शाळेत कशी बसले ते माझं मलाच माहीत. रिपोर्टात अस्तर वाढलेलं होतं, कर्करोग किंवा त्याआधीची विकृती नव्हती. प्रोजेस्टेरॉनवर ते आटोक्यात आलं, आणि नंतर मी दोन्ही औषधं व्यवस्थित सुरू केली. आजही घेते.

सुरू करणाऱ्यांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट अशी, की पाळी अजून अधूनमधून येत असेल तर प्रोजेस्टेरॉन बहुधा महिन्यातले बारा ते चौदा दिवस देतात, आणि ते थांबलं की पाळीसारखा रक्तस्राव होतो. तो अपेक्षित असतो, घाबरून दोन्ही औषधं बंद करायची नाहीत. वर्षभर पाळी आलेली नसेल तर ते सहसा रोज देतात आणि मग रक्तस्राव होऊ नये अशी अपेक्षा असते. पहिले तीन महिने थोडे डाग, स्तन दुखणं, पोट फुगणं चालतं. त्यापुढेही डाग येत राहिले किंवा प्रमाण वाढलं तर तपासून घ्यायचं. डॉक्टरांना हे चिठ्ठीच्या पाठीवर मराठीत लिहून द्यायला सांगा: कोणतं औषध, महिन्यातले कोणते दिवस, किती वाजता. मेडिकलमधून निघण्यापूर्वी चिठ्ठी आणि औषधं ताडून बघा. एक नसेल तर दुसऱ्या दुकानात जा, नाहीतर डॉक्टरांना फोन करून पर्याय विचारा. मेडिकलवाल्याने पर्याय ठरवायचा नाही.

ज्यांना अंगावरून फार जातं त्यांनी हार्मोन सोडणाऱ्या कॉइलबद्दल जरूर विचारावं. तांबीसारखीच ती आत बसवतात. रक्तस्राव कमी करते, पाच वर्षं अस्तराला लगाम घालते आणि गर्भही राहू देत नाही. वरून फक्त इस्ट्रोजेन लागतं. ती अगोदर माहीत असती तर मी तीच घेतली असती.

गर्भाचं मुद्दाम सांगते, कारण इथे बायका फसतात. कॉइल सोडली, तर हार्मोनचं हे औषध म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पाळी दोन महिने चुकली म्हणजे गेली असं धरू नका. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

आता कॅन्सर. बायकांच्या डब्यात हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "हार्मोन? बाई गं, कॅन्सर होतो." ही भीती कुठून आली? 2002 मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातला दोन्ही औषधांचा भाग मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी औषधं फेकून दिली. त्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, औषधंही जुन्या प्रकारची होती. दोन्ही औषधं घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ जादा रुग्ण आढळले. धोका खोटा नाही, पण सेहेचाळिशीतल्या बाईला तो आकडा तसाच लावता येत नाही. 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. पाश्चात्त्य देशांतल्या बायकांनी पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही औषधं घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत पन्नासांमागे एक जादा रुग्ण. प्रोजेस्टेरॉन महिन्यातले काहीच दिवस असेल तर सत्तरांमागे एक, नुसतं इस्ट्रोजेन असेल तर दोनशेंमागे एक. हा धोका पत्करायचा की रात्र-रात्र जागायचं, हे जिचं तिने ठरवावं. माझ्या मते साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत आणि त्रास खरोखरच जगू न देणारा असेल, तर निव्वळ ऐकीव भीतीने नाही म्हणणं शहाणपणाचं नाही. पण "चेहऱ्यावर तेज येतं", "वय दिसत नाही" म्हणून घेणंही मला पटत नाही. त्यासाठी हे औषध नाही.

काहीजणींनी मात्र हे घ्यायचंच नाही, किंवा विशेषज्ञांना विचारल्याशिवाय नाही: स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेला, यकृताचा आजार चालू असलेला, किंवा रक्तस्रावाचं कारण अजून न सापडलेलं. वजन जास्त असेल, अर्धशिशी असेल, घरात रक्ताच्या गाठींचा इतिहास असेल, तर गोळीऐवजी त्वचेवर लावायच्या जेलबद्दल विचारा. पोटातून जाणाऱ्या इस्ट्रोजेनने गाठ होण्याचा धोका वाढतो, त्वचेतून जाणाऱ्याने नेहमीच्या मात्रेत तसा वाढताना दिसलेला नाही. फक्त कोरडेपणा, जळजळ किंवा वारंवार लघवीचा त्रास असेल, तर योनीत लावायचं कमी मात्रेचं क्रीम बऱ्याचदा पुरतं. त्यासोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही.

गणपतीत, लग्नसराईत पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे मेडिकलमधून सर्रास आणली जाते. तीही हार्मोनचीच आहे. गाठीचा इतिहास असेल तर तीही वर्ज्य. आणि तुम्ही आधीच हार्मोन घेत असाल तर स्वतःच्या मनाने तिची भर घालू नका. तुमच्या डॉक्टरांना तुम्ही काय-काय घेता ते सगळं सांगा. आयुर्वेदिक काढे, शतावरी, सोयाच्या गोळ्यासुद्धा. "हे काय औषध थोडंच आहे" असं म्हणून लपवू नका.

ही सगळी यादी घेऊन खासगी दवाखान्यात जाणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी उल्हासनगर कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय सरकारी आहे आणि तिथे स्त्रीरोग विभाग आहे. रांग असते. डबा घेऊन जा, सोबत पाळीच्या तारखांचं कॅलेंडर आणि जुने सगळे रिपोर्ट न्या. आणि एक. वर्षभर पाळी बंद असताना, आणि हार्मोनचं औषध नुकतंच सुरू केलेलं नसताना, अंतर्वस्त्रावर एकच डाग दिसला, तरी "पाळी परत आली" असं समजून गप्प बसू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.