उन्हाळी बालशिबिरासाठी तीन पाठ

वैशाखाच्या सुटीत आश्रमशाळांतील मुले जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आपापल्या वाड्यांवर परत येतात. ह्या दिवसांत बालशिबिर भरविण्याची इच्छा पुष्कळ शिक्षक बंधुभगिनींस होते. अशा शिबिरात खेळ, गाणी व शिवनेरीची सहल असावीच. परंतु मूल मनात जे ओझे घेऊन आले ते तसेच घेऊन परत गेले, तर अर्धे काम राहिले असे समजावे. वाडवडिलांचा ठेवा म्हणजे केवळ किल्ले व लेणी नव्हेत; मनाचे ओझे मिळून कसे वाहावे ह्याच्या रीतीही त्या ठेव्यात आहेत. त्यांपैकी तीन येथे पाठरूपाने देतो.

पहिला पाठ : भय. धरणांचे कालवे आले, उसाचे मळे वाढले आणि बिबट्या उसातच राहू लागला. सांज होताच अंगणात पाऊल टाकण्यास मुले भितात. “भिऊ नको” असे म्हटल्याने भय जात नाही. मूल ते बोलून दाखविणे मात्र सोडते. महादेव कोळी समाज आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतो. त्या दिवशी वाघाचे नाव मोठ्याने घेतले जाते, आणि भय एकट्याचे न राहता सर्वांचे होते. ह्या रीतीविषयी एखाद्या वृद्ध गुराख्याकडून मुलांस ऐकवावे. मग प्रत्येकाने आपल्या भयाचे चित्र काढावे. त्यानंतरच सावधगिरी शिकवावी : सांजेस एकट्याने उसाकडे जाऊ नये, सोबतीने, मोठ्याने बोलत, उजेड घेऊन चालावे, बिबट्या दिसल्यास पाठ फिरवून पळू नये.

दुसरा पाठ : दुःख. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५० हून अधिक माणसे मृत्यू पावली. पुढे २०१७ साली आमडे येथे नवे गाव वसले. घरे पुन्हा बांधता येतात. पण पावसाचा आवाज ऐकून दचकणाऱ्या मनास अधिक काळ लागतो. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून मेलेल्या लेकराचे, दूरच्या माहेराचे दुःख ओवीत सांगत. हेमा राईरकर व गी पॉइतवँ ह्यांनी आरंभिलेल्या कार्यात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. शिबिरात जाते मांडावे, एखाद्या आजीस गावयास सांगावे, आणि ज्या मुलास आपले दुःख बोलावेसे वाटेल त्यास बोलू द्यावे. रडणाऱ्यास गप्प करू नये. गप्प बसलेल्यास बोलण्याची बळजबरीही करू नये.

तिसरा पाठ : एकटेपण. घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या लेकरास आपला कोणी नाही असे वाटते. त्यास नाणेघाटात न्यावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कोकणातून जुन्नरास येणारे व्यापारी ह्याच घाटाने चढत. तेथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ज्या वाटसरूचे नावही ठाऊक नाही, त्याची तहान कोणी आधीच ओळखली होती. मुलांनी तेथे बसून एकमेकांस विचारावे : वसतिगृहात नवे मूल आले तर आपण त्याच्यासाठी काय करून ठेवू?

शिक्षकांस सूचना. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चावडीवर नेऊ नये. मात्र कोणी त्यास मारीत वा छळीत असेल, तर ती झाकून न ठेवता त्याच्या रक्षणाची तजवीज तत्काळ करावी. मुलाची झोप व अन्न अनेक दिवस तुटले असेल, तर भूतबाधा म्हणून देवऋष्याकडे न नेता सरकारी दवाखान्यात न्यावे. तीन दिवसांत मन बरे होते असे समजू नये. शिबिरानंतरही महिन्यातून एकदा त्या मुलाच्या घरी जावे.

विचारासाठी प्रश्न : (१) आपल्या गावची मुले कशास भितात, हे आपण त्यांस कधी विचारले आहे काय? (२) गावात ओव्या जाणणाऱ्या किती वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत? (३) येत्या सुटीपूर्वी त्यांच्याकडे कोण जाईल?