अनेकवचन कानाने ओळख

चि. मुक्ता हिस,


फ्रेंच अनेकवचनाचे सगळे नियम पाठ आहेत, तरी ऐकताना एक की अनेक हेच कळत नाही, असं लिहिलंस. कळणार कसं? तू शब्दाचा शेवट ऐकत बसतेस आणि फ्रेंच माणूस ते आधीच सांगून मोकळा झालेला असतो.

‘ल लिव्र’ म्हणजे पुस्तक, ‘ले लिव्र’ म्हणजे पुस्तकं. लिहिताना शेवटी एस लागतो, पण तो मुका. ऐकू येणारा फरक पडतो तो आधीच्या उपपदात. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर मध्ये झ उमटतो: मित्र ‘लामी’, अनेक मित्र ‘लेझामी’. तो झ टिपायला शीक. आपणही ‘हत्ती आला’, ‘हत्ती आले’ म्हणतो. हत्ती तसाच राहतो, वचन कळतं क्रियापदावरून. तेव्हा ही रीत तुला अगदीच परकी नाही.

नामाचाच उच्चार बदलतो अशी उदाहरणं त्या मानाने थोडी. ‘आल’ने संपणाऱ्या बहुतेक नामांचा शेवट ‘ओ’ होतो: घोडा ‘शव्हाल’, घोडे ‘शव्हो’, वर्तमानपत्र ‘झुर्नाल’, अनेक असली की ‘झुर्नो’. जुन्या फ्रेंचमध्ये एसच्या आधीच्या ल चा उ झाला, त्याचा हा परिणाम. ‘बाल’, ‘कार्नाव्हाल’, ‘फेस्तिव्हाल’ मात्र नुसता एस घेतात. अंड्याच्या एकवचनात ऐकू येणारा फ अनेकवचनात गळतो आणि डोळ्याचं रूप तर ओळखू येणार नाही इतकं बदलतं. एवढं तोंडात बसव.

राहिले ‘ऊ’ने संपणारे ते सात शब्द: बिझू (दागिना), कायू (खडा), शू (कोबी), झनू (गुडघा), इबू (घुबड), झूझू (खेळणं), पू (डोक्यातली ऊ). हे एक्स घेतात. ‘क्लू’ (खिळा), ‘त्रू’ (भोक) यांसारखे इतर बहुतेक एस. फ्रान्समधली मुलंही ही यादी शाळेत घोकतात. तूही घोक, पण सगळ्यात शेवटी. एक्स काय नि एस काय, दोन्ही मुकेच. चुकलं तर ते कागदावरच दिसेल.

यापुढे वहीत एकही नाम उपपदावाचून लिहू नकोस. दोन्ही वचनं मोठ्याने म्हण. रोज चार ओळी ऐकून उतरव आणि छापील मजकुराशी ताडून बघ. ‘ल’च्या जागी ‘ले’ किती वेळा निसटला, तेवढंच आधी मोज. स्पेलिंगच्या चुका नंतर निस्तरता येतील.

तुझी,
मावशी