म्हातारा कुत्रा आणि आपली दया

पवित्र शास्त्रात कुत्र्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी हलकेपणानेच आलेला आहे. तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्याविषयी एक अख्खा पाठ कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी नीतिसूत्रे १२:१० उघडून पाहावे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष देतो, हा त्यातील पहिला भाग शब्बाथ शाळेत आपण मुलांकडून पाठ करून घेतो. दुर्जनाची दयासुद्धा क्रूर असते असे सांगणारा दुसरा भाग मात्र सहसा राहून जातो. दया क्रूर कशी होते हे म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते, आणि तेही सज्जनांच्याच घरी.

एक उदाहरण घेऊ. डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी आमोणे गाव आहे. तेथील एका घरी बारा वर्षांचा गावठी कुत्रा आहे असे धरू. पावसाळा लागल्यापासून त्याचे मागचे पाय उचलत नाहीत, भाकरी पुढे तशीच पडून राहते, रात्री तो कण्हतो. आजी म्हणते, देवाने दिलेला जीव देवच नेईल, आपण मध्ये पडू नये. मुलगा म्हणतो, म्हातारपण ते, त्याला औषध कसले? शेजारी सुचवतो, पुलापलीकडे खांडोळ्याच्या बाजूला नेऊन सोडा, कोणीतरी घालील तुकडा. तिघांनाही आपण दयाळू आहोत असेच वाटते.

पूर्वी हा प्रश्न क्वचितच येई. पिसाळी, डिस्टेंपर आणि रस्त्यावरच्या गाड्या यांतून वाचून म्हातारे होणारे कुत्रे थोडेच. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज व सरकार यांनी गावोगाव लसीकरण केले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. ज्या कुत्र्याला लस मिळते आणि घरचे अन्न मिळते, त्याला म्हातारपणही मिळते.

प्रथम मुलाचे म्हणणे पाहू. म्हातारपण हा रोग नव्हे, पण त्याच्या आड पुष्कळ रोग लपतात, आणि त्यांतील कित्येक बरे होणारे असतात. न खाणाऱ्या कुत्र्याचा दात सडलेला असू शकतो. पाय न उचलणाऱ्याला सांधेदुखी असेल, किंवा गोचिडांपासून येणारा ताप असेल. शस्त्रक्रिया न झालेली म्हातारी कुत्री एकाएकी फार पाणी पिऊ लागली व सुस्त झाली तर तिच्या गर्भाशयात पू झालेला असण्याचा संभव असतो, आणि तेथे एकेक दिवस मोलाचा. म्हणून डॉक्टरांना दाखविल्यावाचून 'वय झाले' हा निकाल देऊ नये. पणजीजवळ टोंक येथे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. घरातील गोळी मात्र देऊ नये. माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंड निकामी करते. पॅरासिटामॉलही मनाने देण्याची वस्तू नव्हे. आणखी एक: कुत्र्याचा स्वभाव अचानक पालटला, गिळता येईना, लाळ गळू लागली, तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. ही लक्षणे पिसाळीचीही असतात.

शेजाऱ्याच्या सल्ल्याविषयी फार बोलायला नको. उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय आंधळा, लंगडा कुत्रा परक्या वाड्यावर गेला की तेथील कुत्रे त्याचे काय करतात हे गावात राहणाऱ्याला ठाऊक असते.

आजीचे म्हणणे मात्र आदराने ऐकले पाहिजे, कारण ती जीव आपला नाही असे म्हणते आणि ते खरे आहे. पण आपोआप येणारे मरण शांतच असते ही तिची समजूत आम्हांला पटत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेला कुत्रा झोपेत जात नाही. कित्येक दिवस मळमळतो, ओकतो, तोंडात फोड येतात, आणि आपण फक्त पाहत बसतो. ज्याला आपण बांधले, खाऊ घातले, लस टोचली, त्याच्या जगण्यात आपण बारा वर्षे मध्ये पडलेलेच आहोत. शेवटच्या पंधरवड्यातच हात मागे घ्यावा हे कसे?

तर मग वेळ झाली हे ओळखावे कसे? अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये एक साधे माप दिले. वेदना (श्वासाचा त्रास यातच येतो), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत की नाही, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. दहा म्हणजे उत्तम. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यास हरकत नाही. आकड्यांवर सर्वस्वी भिस्त ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु घरातील दोघांनी वेगवेगळे गुण लिहावेत. एकाची आशा आणि दुसऱ्याचा कंटाळा दोन्ही कागदावर उघडे पडतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात चांगल्या दिवसावर टिंब आणि वाईटावर फुली करीत गेले तरी महिनाभरात बरेच कळते.

पैशाची गोष्टही संकोच न करता बोलावी. मुलांची फी थांबवून कुत्र्याला सलाईन लावणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे, आणि रोज रिक्षात कोंबून दवाखान्यात नेणे हा त्यालाही छळच होतो. डॉक्टरांना सरळ विचारावे: ह्या उपायाने तो बरा होईल, की दिवस तेवढे वाढतील? ते दिवस कसे असतील?

उत्तर तसेच आले तर डॉक्टर आधी गुंगीचे औषध देतात, मग शिरेतून पेंटोबार्बिटल. काही क्षणांत शुद्ध हरपते, थोड्याच मिनिटांत हृदय थांबते. हे काम पशुवैद्याचेच. विषाचा तुकडा घालणे ही हत्या आहे. त्या वेळी ओळखीचा हात डोक्यावर असावा. खड्डा खोल खणावा, कारण ते औषध देहात राहते व उकरून खाणाऱ्या जनावराला मारते.

शिक्षकांनी आणि आईबापांनी एक सांभाळावे. मुलांना 'त्याला झोपवले' असे सांगू नये. लहान मूल त्या रात्री स्वतः झोपायला भिते. 'पळून गेला' असेही सांगू नये. ते पुलापर्यंत शोधीत जाईल. तो फार आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी औषध दिले आणि तो मेला, असे सांगावे. मूल विचारील, आजी आजारी पडली तर तिलाही असेच करणार का? त्याला हसू नये आणि ओरडूही नये. जवळ बसवून 'नाही' म्हणावे, आणि आजीच्या औषधाची वेळ झाली असेल तर ते त्याच्याच हातून द्यायला लावावे.