पाकीट फाडू नका

तुमच्यापैकी पुष्कळजण टपालाची तिकिटे जमवतात. मीही जमवतो. पण नुसते तिकीट जमवणे वेगळे आणि अख्खे पाकीट जपणे वेगळे. हे मला जरा उशिराच कळलं. म्हणून हा लेख लिहीत आहे.

आमच्या बाईंनी आम्हाला अमेरिकेतल्या काही पाकिटांची चित्रे दाखवली. तिकडे वर्तमानपत्रात चित्रपट्ट्या येतात. ओळीने चौकटी काढून त्यांत एक गंमत किंवा गोष्ट सांगायची, ती चित्रपट्टी. तिथे १८९५ साली ‘यलो किड’ म्हणजे पिवळ्या पोराची चित्रे येऊ लागली. त्याला शंभर वर्षे झाली म्हणून १ ऑक्टोबर १९९५ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने जुन्या चित्रपट्ट्यांची २० तिकिटे काढली. एक तिकीट ३२ सेंटचे. ३२ × २० = ६४० सेंट, म्हणजे ६ डॉलर ४० सेंट. हे गणित मी स्वतः केले.

त्या तिकिटांवरची काही मंडळी अशी :

१) पिवळा पोर – डोक्यावर केस नाहीत, अंगात लांब पिवळा डगला. तो जे बोलायचा ते डगल्यावरच लिहिलेले असायचे.

२) नेमो – हा मुलगा १९०५ सालचा. तो झोपेत स्वप्नांच्या देशात जातो. शेवटच्या चौकटीत जागा होतो. कधी कधी तर पलंगावरून धपकन खाली पडलेला असतो!

३) पॉपाय – हा खलाशी १९२९ साली आला. पालक खाल्ला की त्याला जोर चढतो.

४) ब्रेंडा स्टार – ही बातम्या आणणारी बाई. १९४० साली तिला एका बाईनेच काढले. त्यांचे नाव डालिया मेसिक. पण बायकांची चित्रे संपादक घेत नसत, म्हणून त्यांनी डेल असे नाव घेतले. हे ऐकून आमच्या वर्गातल्या मुलींना फार राग आला.

आता पाकिटाविषयी. तिकीट ज्या दिवशी निघते त्याच दिवसाचा शिक्का मारलेल्या पाकिटाला ‘प्रथम दिवस आवरण’ म्हणतात. उजवीकडे वर तिकीट असते. त्यावर गोल शिक्का असतो. शिक्क्यात गावाचे नाव आणि तारीख असते. ही २० तिकिटे फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी निघाली, म्हणून शिक्क्यात ते नाव आहे. डावीकडची जागा मोकळी असते. तिथे काही चित्रकार हाताने चित्र रंगवतात. छापील चित्रे सगळी सारखी, पण हाताने रंगवलेली दोन पाकिटे अगदी सारखी कधीच होत नाहीत. म्हणून लोक ती जपून ठेवतात.

आपल्याकडेही १९८८ साली असे एक तिकीट निघाले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या वर्तमानपत्राला १५० वर्षे झाली तेव्हा त्यावर आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट घातलेला ‘कॉमन मॅन’ होता. तो कधी काहीच बोलत नाही, नुसता बघतो.

आता माझी चूक सांगतो. आजीच्या पेटीत आजोबांचे एक जुने पत्र होते. आजोबा मुंबईला गिरणीत होते. ते आता नाहीत. मी कुणाला न विचारता त्या पाकिटाचे तिकीट टर्रकन ओढून काढले. आजी रागावली नाही. ती म्हणाली, “आरं, तुझा बाप झाला त्याच्या आधीचं का नंतरचं हे पत्र, आता कसं कळायचं?” पत्रात तारीख नव्हती. ती शिक्क्यातच होती. मी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, पण सालाचा आकडा नेमका फाटला तिथेच होता.

म्हणून सर्व मुलांना आणि पालकांना माझे सांगणे आहे. घरात जुनी पत्रे असतील तर पाकिटासकट ठेवा. तिकीट, शिक्का आणि पत्ता एकत्र असले तरच पाकीट काही सांगते.

माझ्या वहीत ४१ तिकिटे होती. आता ४० आहेत. एक मी आजीच्या पेटीत परत ठेवले.

– इयत्ता ४ थी