शीड, वारा आणि मागचा बाक

'ढ' हे मराठी वर्णमालेतील एक निरुपद्रवी अक्षर. ब्राह्मी लिपीपासून आजवर या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून कितीही शिकवले तरी न बदलणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणू लागले, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यामागची समजूत मात्र आपल्या शाळांत पक्की रुजलेली आहे. मागच्या बाकावरचा मुलगा बदलणार नाही, असे शिक्षक धरून चालतात. पालक धरून चालतात आणि शेवटी तो मुलगाही तसेच धरून चालतो. यातले तिसरे सर्वांत घातक.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी केली. 'हे मला जमेल' हा विश्वास चार गोष्टींतून येतो, असे त्याचे प्रतिपादन आहे: स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते जमलेले पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. यांपैकी पहिला अनुभव सर्वांत प्रभावी. आता अभ्यासात मागे पडलेल्या मुलाचा वर्गातील दिवस पाहा. करून दाखवण्याऐवजी चुकणे, आपल्यासारख्यांनाही चुकताना पाहणे, धीराऐवजी बोलणी आणि फळ्याजवळ जाताना छातीत धडधड. चारही झरे आटलेले! अशा मुलाला नुसते 'तुला जमेल रे' म्हणून भागत नाही. त्याला काहीतरी खरोखर जमावे लागते.

शिडाच्या नौकेचे शिक्षणातील महत्त्व येथेच आहे. कुर्ट हान या जर्मन शिक्षकाने हे फार पूर्वी ओळखले होते. हिटलरला विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्याला तुरुंगवास घडला. सुटकेनंतर तो ब्रिटनला गेला आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ त्याने गॉर्डनस्टन ही शाळा काढली. तिच्या शिक्षणक्रमात नौकानयनाला मानाचे स्थान होते. दुसऱ्या महायुद्धात जहाजे बुडाल्यावर धडधाकट तरुण खलाशी दगावतात आणि शिडाच्या जहाजांवर तयार झालेले वयस्क खलाशी तगून राहतात, असे लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाच्या लक्षात आले. उणीव बळाची नव्हती, स्वतःवरील विश्वासाची होती. होल्टच्या साहाय्याने हानने १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा सुरू केली.

नाव नेमके काय शिकवते? मुलांना शिकवण्यासाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची लहानशी होडी जगभर वापरतात. क्लार्क मिल्स याने १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे मुलांसाठीच ती बनवली. लांबी सुमारे २.३ मीटर, शीड एकच आणि बहुधा मूलही एकच. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. दोरी सैल सोडली की शीड फडफडते आणि वेग मरतो. बेताने ओढली की नाव पुढे सरकते. चूक कळायला निकालाच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही आणि ती सांगणारा वारा कोणाला हसतही नाही. वारा समोरून येत असेल तर नाव त्या दिशेने सरळ जाऊच शकत नाही. वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे नागमोडी जावे लागते. नाव कलंडली तर तळाच्या फळीवर भार देऊन ती पुन्हा सरळ करायची, हाही अभ्यासाचाच भाग. वर्गात पडणे म्हणजे नामुष्की. येथे तो एक धडा असतो.

हा विचार आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. हानच्या प्रेरणेने १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उघडले. त्याच परंपरेतील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आपल्या मुळशी तालुक्यात आहे. देशोदेशीचे निवडक विद्यार्थी तेथे शिकतात. परंतु मुळात ज्यांच्यासाठी आउटवर्ड बाउंड निघाली, ते खलाशी पोरसवदा आणि सामान्य घरांतले होते. मुळशी खोऱ्यात तशी मुले आहेतच आणि त्यांच्या दारात पाणीही आहे.

या पाण्याला इतिहास आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झाले, भातखाचरे बुडाली आणि १९२७ पासून हे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला वीज निर्माण करू लागले. ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना हे पाणी रोज दिसते. ते आपले आहे असे वाटण्याचे कारण मात्र त्यांना क्वचितच मिळाले असेल. याच पाण्यावर त्यांच्या हाती सुकाणू दिले तर? त्यासाठी समुद्रच हवा असे नाही. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर तयार झाली आणि २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत तिने नौकानयनात रौप्यपदक मिळवले.

अर्थात, पथ्ये कडक हवीत. आधी पोहणे, अंगात तरंगते जाकीट, जाणता शिक्षक, धरणाच्या मालकांची परवानगी आणि पावसाळ्यात पूर्ण बंदी. आणखी एक पथ्य आपल्यासारख्या भावी शिक्षकांसाठी आहे. नाव चालवता आली म्हणून अपूर्णांक आपोआप सुटत नाहीत. पाण्यावर मिळालेला विश्वास वर्गात आणण्यासाठी कोणीतरी पूल बांधावा लागतो. ४५ अंशांचा कोन हातांनी साधणाऱ्या मुलाला तोच कोन वहीत दाखवणारा शिक्षक हवा. तो नसेल, तर तीच मुले तळ्यावर नाखवा आणि वर्गात पुन्हा 'ढ' ठरतील. आणि तो दोष मुलांचा नसेल.