गाव लपवू नकोस

पनवेल

चि. बाळास,


धाकट्या काकूकडून कळलं, पुण्याच्या होस्टेलवर तू "आम्ही ठाण्याकडचे" म्हणून सांगतोस. ताईच्या हळदीला मित्र पनवेल स्टेशनपर्यंत आले, तर त्यांना बाहेरच जेवू घालून परत पाठवलंस. खरं आहे का हे?

हळदीत माझा दादा, तुझा बाबा, डीजेपुढे नाचला, नोटा उधळल्या, गळ्यातला गोफ शर्टाबाहेर काढून मिरवला. मलाही ते रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण तोंडावर बोलले. तू तर गावच बदललंस.

तो पैसा कुठला, हे तुला सांगायला नको. १९७० साली सिडको आली आणि आपली भातखाचरं गेली. दि. बा. पाटलांच्या हाकेसरशी आजोबा जासईच्या आंदोलनात उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला गोळीबारात पाच शेतकरी गेले. गेलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळतो, तो त्या रक्तावर. दादाला शेतीशिवाय काही येत नव्हतं. शेत गेलं, हात रिकामे झाले, आणि मग एकदम पैसा आला. मी त्याची बाजू घेत नाही. नोटा उधळणं वाईटच. पण बाळा, ठाणं?

२००५मध्ये डान्सबारबंदी गाजत होती. आमच्या शिक्षकखोलीत कुणी म्हणालं, पनवेलवाल्यांनी जमिनी विकून बारवाल्यांची घरं भरली. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले, कुणाला माझ्या भावाची शंका येऊ नये म्हणून. त्याच भावानं शाळा सोडली म्हणून माझं डी.एड. झालं होतं. ते हसू अजून घशात अडकतं रे.

वाटू दे लाज. परक्याच्या वरातीत कुणी नाचला तर आपण मान खाली घालतो का? दादाला समोर बसवून सांग, "बाबा, मला आवडलं नाही." माझ्यावर तो ओरडतो, तुझ्यापुढे गप्प होतो. परवा हळूच विचारत होता, "पोरगा हळदीतून लवकर का उठला?" मी म्हटलं, परीक्षा होती.

फार बोलले का? जेवतोस ना नीट? जानेवारीत वालाच्या शेंगा येतील, पोपटी लावू. भांबुर्डीचा पाला मी आणून ठेवते. त्या मित्रांनाही घेऊन ये, कितीही असले तरी. स्टेशनवर गाडी घेऊन दादालाच पाठवते.

तुझी,
आत्या