जगदलपूरच्या बोलावण्याविषयी

भिलाई, सेक्टर ६

प्रिय बाळ,



वसतिगृहातल्या मुलींना शिकवायला जगदलपूरला ये, असं बोलावणं आलं, तू प्रार्थना केलीस, आणि जावं असं मनात पक्कं झालं त्याच दिवसापासून तुझी झोप उडाली. मंडळीतल्या कुणी सांगितलं, शांती नाही म्हणजे देवाची इच्छा नाही. मला हे पटत नाही. गेथशेमानेत प्रभूच्या मनाला कुठे स्वस्थता होती? लूक त्याच्या घामाला रक्ताच्या थेंबांची उपमा देतो. पित्याची इच्छा काय ते त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो प्याला टळावा असं त्याने मागितलं. तेव्हा तुला धास्ती वाटते, एवढ्यावरून कुणाला काही ठरवू देऊ नकोस. मात्र अवघड आहे म्हणजे देवाकडूनच आलं असणार, असंही धरून चालू नकोस. काही वाटा नुसत्याच चुकीच्या असतात.

नारायण वामन टिळकांची गोष्ट तू लहानपणापासून ऐकलीस, पण ती आपल्याच पट्ट्यात घडली हे कदाचित ध्यानात नसेल. १८९३ साली राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली म्हणून ते नागपूरहून गाडीत बसले. तू सुट्टीत इकडे येतेस तीच ही वाट: गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, मग दुर्ग. आपल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याचा तेव्हा मागमूस नव्हता. रशियाशी करार झाला १९५५ला आणि पहिली भट्टी पेटली १९५९ला. डब्यात टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावरून बोलणं निघालं आणि धर्मावर गेलं. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. चित्पावन ब्राह्मण, धर्माचा व्यासंग असलेला कवी. त्याच्या बाबतीत ते अशक्यच वाटावं. पण पुस्तक वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थांबले आणि पुढे त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ कोण होता, हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही.

मला यात सारखं जाणवतं ते हे, की ते निघाले होते पोटापाण्यासाठी. देवाचं काही विचारायला निघालेच नव्हते. आणि त्या अनोळखी माणसाने दोन वर्षांचं सांगितलं, त्यानंतरच्या पाच वर्षांचं एक अक्षरही सांगितलं नाही. त्या वर्षांत त्यांचा संसार मोडून पडला होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, पंढरपुरात. लोकांची बोलणी, जिवाची तगमग, नवरा असून नसल्यासारखा. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तुझ्याकडे आहे ना? ती पानं या आठवड्यात पुन्हा वाच. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तरी आधी आपलं सोवळं सांभाळूनच. टिळकांनी घाई केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर.

टिळकांना खरंच हाक आली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या हाकेची किंमत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मोजली ती लक्ष्मीबाईंनी, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तुला कळकळीने सांगते: जावईबापूंना अजून पटलेलं नाही, तर त्यांच्यापुढे 'देवाने मला सांगितलंय' असं म्हणू नकोस. ते वाक्य उच्चारलं की समोरच्याला बोलायला जागा उरत नाही. तो तुझ्याशी नाही, थेट देवाशी भांडतोय असं होऊन बसतं. 'मला असं वाटतंय, तुम्हाला काय वाटतं?' असं विचार. तुला खरोखरच प्रभूने बोलावलं असेल, तर जावयांचे प्रश्न ऐकून घेतल्याने ते बोलावणं पुसलं जाणार नाही.

तू लिहितेस की स्पष्ट काहीच दिसत नाही. तुझे काका भट्टीवर होते तेव्हा सांगायचे, आत नक्की काय चाललंय ते डोळ्यांनी कुणालाच पुरतं दिसत नाही. बाहेर पडणारा लोखंडाचा रस आणि स्लॅग बघून ओळखायचं. तसं तू स्वतःकडे बघ. या विचाराने तू घरात जास्त प्रेमळ होते आहेस की चिडकी? दुसऱ्याचं ऐकून घेतेस की ऐकवतेस? पुण्यातल्या नोकरीचा कंटाळा आलाय म्हणून तर जगदलपूर हवंसं वाटत नाही ना? याचं उत्तर तू मला दिलं नाहीस तरी चालेल.

पौलाचंही आठव. आशियात जाऊ दिलं नाही, बिथुनियाकडे वळला तर तिथेही अडवलं, आणि मग त्रोवसाला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. दोन दारं लागली तेव्हा त्याला तिसऱ्याची कल्पना नव्हती. तो मधल्या काळात चालत राहिला, एवढंच प्रेषितांच्या पुस्तकात दिसतं.

आता करायचं ते सांगते. वसतिगृहाला साधं पत्र लिही: पगार किती, राहायची सोय कशी, किती वर्षांसाठी हवंय, जावयांना तिथे काही काम मिळेल का. देवावर भरवसा आहे म्हणून हे विचारायचं नाही, असं मुळीच नाही. उत्तर आलं की दोघं मिळून वाचा. मग सुट्टी काढून दोघांनी जगदलपूरला एकदा जाऊन या. मुलींना भेटा, तिथल्या बाईंशी बोला, राहायची जागा बघा. राजीनाम्याचं नाव त्याच्या आधी काढू नकोस. जाताना किंवा येताना इथे उतरा; मला जावयांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐकायचंय, आणि त्यांना काका-मावशीसमोर मोकळेपणाने 'नाही' म्हणता यायला हवं.

रोज रात्री मी तुम्हा दोघांची नावं घेऊन प्रार्थना करते. काय व्हावं ते मी प्रभूला सांगत नाही.

तुझी,
मावशी